मायर, पटेल आणि सोळंके: आडनावाचं मूळ आणि पसारा कसा शोधावा

आडनाव शोधायला बसलेला माणूस पहिल्याच दिवशी दोन प्रश्नांची गल्लत करतो. आडनाव आलं कुठून हा एक प्रश्न, आणि आज ते कुठे-किती आहे हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत असतात. ‘आमच्या आडनावाची चाळीस घरं अमुक गावात आहेत, म्हणजे आम्ही मूळचे तिथलेच’ हे वाक्य लग्नाच्या मांडवात खपून जातं, कागदावर टिकत नाही.

पटेल हे आडनाव घ्या. परभणी-हिंगोलीकडच्या मतदार यादीत पटेल दिसले की बाहेरचा माणूस थेट गुजरात गाठतो. निजामाच्या राज्यात गावचा मुख्य तो पटेल. सारा गोळा करणारा माली पटेल, बंदोबस्त पाहणारा पोलीस पटेल आणि हिशेब लिहिणारा पटवारी. ही कामं वतनी होती, म्हणून कामाचं नाव घराला चिकटलं. मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांचं पटेल हे आडनाव असं आलेलं आहे. त्याच गावात लाकडाची वखार चालवणारे कच्छी किंवा गुजराती पटेल आले, ते वेगळे. शब्दाचं मूळ एकच, गावच्या मुख्याचं. पण घराण्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मतदार यादी मोजणाऱ्याला हे सगळे एकाच ओळीत दिसतात.

हा घोटाळा स्वच्छ समजून घ्यायचा असेल तर आधी जर्मनीतलं एक आडनाव पाहावं. तिथे आडनावं कधी बसली याच्या तारखा ठरलेल्या आहेत आणि पसाऱ्याचे नकाशेही तयार आहेत. आपल्याकडे हे दोन्ही हातानं करायचं असतं, त्यामुळे चूक कुठे होते ते तिथे लवकर दिसतं.

मायर: एक उच्चार, दोन उगम

मायर हे जर्मनीतल्या पहिल्या दहा आडनावांत मोडतं. ख्रिश्चन जर्मन घरांत त्याचं मूळ लॅटिन ‘मायोर’, म्हणजे मोठा, वरचा. जमीनदाराच्या वाड्याचा आणि शेतीचा कारभार पाहणारा तो मायर. पुढे मोठी शेती कसणाऱ्या कुळालाही तेच म्हणू लागले. आपल्या पटेल-पाटलाचाच हा भाऊ. गावोगाव कारभारी होते, म्हणून गावोगाव मायर झाले. सगळ्यांचा एक मूळपुरुष शोधणं म्हणजे सगळ्या पाटलांचा एक आजोबा शोधणं. एकाच पंचक्रोशीत मायर फार झाले की पुढे खूण लागायची: वरचा तो ओबरमायर, खालचा तो नीडरमायर, नवा तो नॉयमायर. आपल्याकडे पाटील फार झाले की गावाचं नाव जोडतात, तसंच. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शिवराज पाटील चाकूरकर ही दोन नावं त्याच रीतीची.

ज्यू घरांतला मायर मात्र बहुतेक वेळा हिब्रू ‘मेईर’पासून आलेला, अर्थ उजेड देणारा. हे मुळात आडनाव नव्हे, व्यक्तीचं नाव. रोथशिल्ड बँकेचा संस्थापक मायर आमशेल रोथशिल्ड (1744–1812) याचं मायर हे पाळण्यातलं नाव. रोथशिल्ड म्हणजे तांबडी ढाल. फ्रँकफुर्टच्या ज्यू गल्लीतल्या एका घरावर ती खूण होती, ती घराण्याला चिकटली. ज्या कुटुंबात बापाचं नाव मायर होतं आणि नेमक्या त्या पिढीत सरकारनं ‘आडनाव लिहा’ म्हटलं, त्या घराचं आडनाव मायर झालं.

ही पिढी कोणती, ते ठरवता येतं. हॅब्सबर्ग राज्यात सम्राट दुसऱ्या जोसेफनं 23 जुलै 1787 रोजी फर्मान काढलं आणि 1 जानेवारी 1788 पासून ज्यूंना कायमचं जर्मन आडनाव घेणं सक्तीचं झालं. नेपोलियनचा हुकूम 20 जुलै 1808 चा. त्यात फ्रान्सचा अल्सेस प्रांत आणि ऱ्हाइन नदीचा डावा काठ आला. प्रशियाचा 11 मार्च 1812 चा, बव्हेरियाचा 1813 चा. त्याआधी बहुतेक घरांत ‘मोशे बेन याकोब’ असं चाले, म्हणजे याकोबचा मुलगा मोशे. आपल्या मोडी कागदातला ‘तुकाराम बिन गोविंद’ आठवा. आपला ‘बिन’ अरबीतून आला आणि अरबी-हिब्रू बहिणी-बहिणी, त्यामुळे ‘बेन’ आणि ‘बिन’ हा एकच शब्द आहे.

म्हणून मायर शोधताना पहिला प्रश्न: घर कोणत्या धर्माचं आणि कोणत्या राज्यातलं? ख्रिश्चन मायर असेल तर चर्चच्या वह्यांत मागे मागे जाता येतं, आडनाव तेच राहतं. ज्यू मायर असेल तर वरच्या राज्यांत 1787 ते 1813 च्या दरम्यान एक भिंत येते. तिच्या पलीकडे आडनाव शोधणं वाया. भिंतीवरच एक खिडकी असते: नाव घेतल्याच्या याद्या. अल्सेसच्या गावांत 1808 च्या याद्या आहेत, त्यात जुनं नाव आणि नवं नाव शेजारी-शेजारी लिहिलेलं असतं. प्रशियात अशा याद्या सरकारी राजपत्रात छापल्या. ही यादी मिळाली की पलीकडे बापाच्या नावानं शोध सुरू करायचा.

संपूर्ण जर्मनीत नागरी नोंदणी 1 जानेवारी 1876 पासून आहे. नोंदणी कार्यालयाला तिथे श्टांडेसाम्ट म्हणतात. जन्माची नोंद 110 वर्षांनी, लग्नाची 80 वर्षांनी आणि मृत्यूची 30 वर्षांनी अभिलेखागारात जाते आणि मग कोणालाही पाहता येते. त्याआधी मागायची तर वारस असल्याचा पुरावा लागतो. मृत्यूची नोंद सगळ्यांत लवकर खुली होते, म्हणून सुरुवात तिथून करावी. वय, जन्मगाव आणि बहुधा आईबापांची नावंही त्यात मिळून जातात.

जर्मन कागदात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे हस्ताक्षर. जुनं हस्ताक्षर ‘कुरेंट’ नावाच्या वळणाचं, त्यात ‘ई’ आणि ‘एन’ जवळपास सारखे दिसतात. ‘यू’ ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर बारीक चंद्रकोर काढत. दुसरं, एकाच घराचं नाव पाच प्रकारे लिहिलेलं सापडतं, उच्चार एकच. ‘ई-वाय’ घालून लिहिलेला मायर उत्तरेकडे, विशेषतः लोअर सॅक्सनीत दाट, ‘ए-आय’वाला वुर्टेमबर्ग-बव्हेरियाकडे, आणि शेवटचा ‘ई’ गाळून लिहिलेला, मायऱ्‌सारखा तुटक, दक्षिण बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या डोंगरात. शोधताना पाचही रूपं टाकावी लागतात. तिसरं, 1939 ते 1945 च्या कागदांत ज्यू पुरुषाच्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि बाईच्या नावापुढे ‘सारा’ दिसलं तर ते घरचं नाव समजू नका. ऑगस्ट 1938 च्या नाझी हुकमानं ते जबरदस्तीनं जोडायला लावलं होतं, अंमल 1 जानेवारी 1939 पासून. वंशावळीत ‘सारा’ म्हणून चार-चार बायका चढलेल्या आढळतात, त्याचं कारण हे.

आता पसारा. जर्मनीत दूरध्वनीच्या याद्यांवरून जिल्हावार आडनावाचे नकाशे केलेले आहेत. कारभारी मायरसाठी ते उत्तम चालतात. ज्यू मायरसाठी त्यांचा उपयोग फार थोडा, कारण 1933 मध्ये जर्मनीत सुमारे 5 लाख ज्यू होते. निम्म्याहून अधिक देश सोडून गेले, मागे राहिलेल्यांपैकी बहुतेक मारले गेले. आजचा नकाशा त्या रिकाम्या झालेल्या गावांवर काढलेला आहे. ज्यू आडनावाचा जुना पसारा पाहायचा तर 1933 च्या आधीच्या याद्या आणि दफनभूमीतले दगड घ्यावे लागतात. दगडावर आडनाव नसलं तरी ‘बेन’ असतो. आशीर्वाद देणारे दोन हात कोरलेले असतील तर घर कोहेन म्हणजे पुरोहित कुळातलं, पाण्याची झारी असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनिसांच्या कुळातलं.

आणि आडनाव बदलतंही. इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मेईर (कार्यकाळ 1969–74) जन्मानं माबोविच, लग्नानं मायरसन आणि 1956 मध्ये हिब्रू रूप घेऊन मेईर झाल्या. इस्राएलमधले मेईर मोजून जर्मनीतल्या मायरबद्दल काही सांगता येत नाही ते यामुळे. बोटीनं अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्यानं आडनाव बदलून टाकलं, ही कथा तर निम्म्या कुटुंबांत असते. बंदरावरचे कारकून बोटीवरून आलेली यादीच पुढे ठेवत. नाव बदललं ते नंतर, बहुधा घरच्यांनीच.

नावाच्या अर्थावरही भुलू नये. काट्झ हे जर्मन कानाला मांजर वाटतं. प्रत्यक्षात ते ‘कोहेन त्सेदेक’ या दोन हिब्रू शब्दांचं लघुरूप आहे.

‘कर’ काय सांगतो

जर्मनीत गावाला ‘अर’ जोडतात: फ्रँकफुर्टचा तो फ्रँकफुर्टर, ओपेनहाइमचा तो ओपेनहाइमर. आपला ‘कर’ तेच काम करतो, आणि दोन्हीकडे एकच गंमत आहे. गावाचं नाव गावाबाहेर लागतं. निलंग्यात सगळेच निलंग्याचे. तिथे निलंगेकर म्हणून कोणाची ओळख होणार? म्हणून ‘कर’ आडनावाचा नकाशा काढला की मूळ गावी भोक आणि भोवती कडं दिसतं. नवखा माणूस सगळ्यांत दाट ठिपक्यावर बोट ठेवून ‘हे मूळ गाव’ म्हणतो आणि चुकतो. पाटील-मायरसारख्या पदनावांना हा नियम लागत नाही, ‘कर’ला लागतो.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनीही हीच रीत उचलली. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. घरात हिब्रू नाव आणि मागे कोकणी गाव. मराठवाड्यातला कोणी मराठी-ज्यू आडनावाचा माग काढत असेल तर त्यानं जर्मन याद्यांत डोकं घालू नये, रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडावा.

‘कर’ सोडवताना आधी गावाचं रूप काढायचं. आकारान्त गावाला बहुधा ‘ए’ येतो: औसा-औसेकर, लोहा-लोहेकर, परांडा-परांडेकर. पण कुरुंद्याचे ते कुरुंदकर, कुरुंदेकर नव्हे (नरहर कुरुंदकरांचं आडनाव वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यावरून). तेव्हा आडनावावरून गाव काढताना अकारान्त आणि आकारान्त दोन्ही रूपं यादीत शोधायची. गावांची यादी म्हणून 1961 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका सोयीची. त्यात गावं तालुक्यानुसार आहेत आणि वस्ती नसलेली, म्हणजे बेचिराख गावंही नोंदलेली असतात. अर्धी कोडी तिथेच सुटतात, कारण गाव उठलं पण आडनाव राहिलं. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावं आणि 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हललेली गावठाणं आजच्या नकाशावर जुन्या जागी नाहीत, हेही ध्यानात ठेवावं. पिंपळगाव, बोरगाव, टाकळी, वडगाव अशी नावं असतील तर तालुका कळल्याशिवाय पुढे जाऊच नये; या नावांची गावं जागोजाग आहेत.

सीमेवरची आडनावं तेलंगण-कर्नाटकाकडे बोट दाखवतात. नांदेडचे बोधनकर निजामाबादकडच्या बोधनचे. नांदेड-देगलूर पट्ट्यातल्या व्यापारी घरांतला ‘वार’ हा तेलुगू आदरार्थी अनेकवचनाचा, म्हणजे ‘अमुक घरचे लोक’. त्याच्या आधीचा भाग मराठीत फोडायला गेलं की हसू होतं. लातूर-उमरग्याकडच्या हिरेमठमधला ‘हिरे’ कानडी, म्हणजे थोरला. चाऊस हे आडनाव तुर्की चावुश या हुद्द्यावरून; निजामाच्या फौजेत आलेल्या येमेनकडच्या हद्रामौतच्या अरबांना तो शब्द लागला. त्यांच्या घरांत आजही नावात ‘बिन’ सापडतो.

घरातून सुरुवात

तहसीलला जाण्याआधी घर झाडून घ्या. पेटीतली खरेदीखतं, जुने शाळेचे दाखले, पावत्या, लग्नपत्रिका. त्याहून पक्का पुरावा माळ्यावर असतो: तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घातलेली नावं. लग्नात आलेल्या घागरीवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि कित्येकदा सालही असतं. कोरताना त्या काळी जे आडनाव वापरात होतं तेच कोरलेलं असतं, नंतर कोणी सुधारलेलं नसतं. अक्षर पुसट असेल तर चिंच लावून घासू नका, कोर भरून जाते. पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, अक्षर कागदावर उमटतं.

मग भावकी मोजा. कोणाच्या घरी मयत झाली की आपण दहा दिवस सुतक धरतो, ती यादी लिहून काढा. आडनाव वेगळं असलं तरी सुतक एक असेल तर मूळ एक. उलट एकच आडनाव असून सोयरीक होत असेल तर घराणं वेगळं समजावं. कुलदैवत आणि देवक जोडीला लिहा, पण एकट्या कुलदैवतावर निकाल देऊ नका. तुळजाभवानी आणि खंडोबा निम्म्या मराठवाड्याचे आहेत.

आणखी एक खास आपल्याकडची अडचण: ‘पा.’ मराठवाड्यात ‘बालाजी पा. कदम’ असं लिहिण्याची रीत आहे. इथला पाटील मान म्हणून आहे, आडनाव कदम. एका भावाच्या दाखल्यावर मास्तरांनी पाटील लिहिलं आणि दुसऱ्याच्या कदम, की पुढच्या पिढीत दोन आडनावं तयार. मतदार यादीत अशी घरं फुटलेली सापडतात.

निजामकाळचा कागद

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून पुण्या-साताऱ्याकडच्या माणसानं सांगितलेली वाट इथे अर्धीच चालते. इथे मागायचे कागद म्हणजे सेतवार, खासरा पत्रक, पहाणी पत्रक, कुळ नोंदवही, 1951 ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही आणि इनाम असेल तर मुंतखब (इनाम मंजूर झाल्याचा दाखला). पुढच्या काळासाठी फेरफार म्हणजे गाव नमुना 6, वारस नोंदींसाठी 6-क, आणि शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर. नमुना 6-क सगळ्यांत कामाचा, कारण मयताचे सगळे वारस नात्यासह एका ठिकाणी असतात. नक्कल मागताना अर्जात ‘आमच्या घराण्याचे कागद’ असं लिहिलं तर अर्ज परत येतो. गाव, सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि सालाचा टप्पा लिहा. सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर वेगळे असतात; मोजणी कार्यालयातून दोहोंचा ताळा मिळतो, तो आधी घ्यावा.

जिल्हाही जुना लिहा. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात. किनवट आदिलाबादेतून नांदेडला आला, मुधोळ नांदेडमधून आदिलाबादला गेला. जालना 1981 मध्ये औरंगाबादेतून निघाला, हिंगोली 1999 मध्ये परभणीतून. ‘आमच्या गावाचं काही नाहीच’ असं उत्तर मिळालं की आधी हा हिशेब तपासावा. राज्य पुराभिलेख विभागाचं छत्रपती संभाजीनगरला कार्यालय आहे. त्याहून वरचं दप्तर हैदराबादला, तारनाक्याच्या तेलंगण राज्य अभिलेखागारात.

साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं असतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांना 590 मिळवा. इस्फंदारपासून आबानपर्यंत 591. दाखल्यावर 12 तीर 1350 फसली असेल तर ते मे 1941. सरसकट 590 मिळवणारे वर्षभरानं चुकतात, आणि मग आजोबांचा जन्म त्यांच्या थोरल्या भावाच्या आधी पडतो.

आता अक्षर. उर्दू कागदावर आडनाव वाचताना काय होतं ते एका शब्दावर बघू. कारकुनानं सीन, वाव, लाम, नून, काफ, ये अशी सहा अक्षरं लिहिली आहेत. उर्दूत ळ नाही, म्हणून लाम हा ल किंवा ळ. ऱ्हस्व उकार लिहीत नाहीत, म्हणून लामनंतर ‘अ’ की ‘उ’ हे कळत नाही. शेवटची ये जुन्या हातात छोटी की बडी हा भेद पाळत नाही, म्हणून ‘ई’ किंवा ‘ए’. म्हणजे तीच सहा अक्षरं सोळंके, सोळुंके आणि सोलंकी अशी तिन्ही वाचता येतात. पहिली दोन मराठी घरं, तिसरं राजपूत किंवा गुजराती असू शकतं. दाम देऊन वाचून घेतलेल्या उताऱ्यावर वाचणाऱ्यानं यातलं एकच लिहिलेलं असतं आणि पुढे तेच ब्रह्मवाक्य होतं. म्हणून वाचकाकडून लिप्यंतर घेताना मूळ अक्षरं एकेक सुटी लिहून मागा, शेजारी सगळे संभाव्य उच्चार. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, गाळलेले असतात. तिथे ब, प, त, न यांचा एकच दात उरतो, आणि ‘पवार’ कशाचाही होऊ शकतो. हिब्रूतही स्वर असेच गाळतात, त्यामुळे जर्मन ज्यूंच्या दगडांवर हाच खेळ चालतो.

मोडी त्या मानानं सरळ. ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, एवढं पक्कं धरावं. ‘मौ।’ म्हणजे मौजे, ‘वलद’ किंवा ‘बिन’नंतर बापाचं नाव. खरी निराशा वेगळी असते: कागद सापडतो आणि त्यात आडनावच नसतं. ‘रामा वलद सखाराम, कौम (जात) अमुक’ एवढंच. मग शेजारच्या सर्व्हे नंबरचे चतुःसीमेतले धनी बघा. भाऊबंदांची शेतं लागून असतात, आणि त्यातल्या एकाच्या नावापुढे आडनाव आलेलं असलं तर धागा हाती लागतो. कित्येक घरांत आडनाव पहिल्यांदा दिसतं ते शाळेच्या रजिस्टरात, मास्तरांच्या हातचं. आपली 1787 ची भिंत ती. फरक एवढाच की ती घराघराला वेगळ्या साली येते.

पसारा मोजताना

मतदार यादी घ्या. एका पानावर तीस नावं असतात, तेव्हा पानं मोजली की एकूण आकडा लगेच तपासता येतो. बऱ्याच पीडीएफमध्ये शोधपट्टी चालत नाही, कारण मजकूर चित्र म्हणून असतो किंवा फाँट जुना असतो. डोळ्यानंच मोजावं लागतं. माणसं मोजण्याऐवजी घर क्रमांक मोजा. एका घरात नऊ मतदार आणि दुसऱ्यात एक असेल तर माणसांच्या आकड्यानं नकाशा वाकडा होतो.

नुसती बेरीज फसवते. समजा गावच्या यादीत 1,200 नावांत 36 जण तुमच्या आडनावाचे, आणि शहरातल्या याद्यांत 14,000 नावांत 140. बेरजेनं शहर पुढे. दर हजारी गाव 30 वर आणि शहर 10 वर. मूळ शोधायला दर हजारीचा आकडा घ्या, बेरीज नाही. आणि ‘कर’ असेल तर त्या दाट जागेच्या मध्यभागी रिकामी गावं आहेत का तेही पाहा. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार हंगामात कारखान्यावर असले तरी यादीत गावीच असतात, ते बरं. पुण्यात कायमचं नाव नोंदवलेले मात्र गळतात. लग्न झालेल्या बाया सासरच्या आडनावानं येतात, म्हणून बायकांची नावं वगळून मोजणारे काही जण आहेत. घर क्रमांकानं मोजलं तर ती गरजच पडत नाही.

जाधव म्हणजे यादव, मोरे म्हणजे मौर्य, साळुंके म्हणजे चालुक्य, ही जोडणी मोहात पाडते. य चा ज होणं प्राकृतात रूढ आहे, तेव्हा जाधव शब्द यादवावरून आला हे भाषेच्या अंगानं ठीक. पण देवगिरीच्या राजघराण्याची वंशरेषा त्यावरून सिद्ध होत नाही. धन्याचं कुळनाव सेवकांनी आणि सैनिकांनीही लावलं. जाधव आणि गायकवाड किती वेगवेगळ्या जातींत आहेत ते पाहिलं की पुरे.

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे एक खूण करा: कागदावर पाहिलं, कागदावरून ताडलं, किंवा ऐकलं. तिन्ही एकाच शाईत लिहिलेली वंशावळ पुढच्या माणसाला निरुपयोगी. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं शाई उडते आणि ते परत निघत नाही. उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, पाठपोट दोन्ही, कारण शेरे आणि शिक्के मागच्या बाजूला असतात.

तीर्थोपाध्यांच्या वह्या शेवटी बघाव्यात, गाव आणि आडनावाची रूपं हाती आल्यावर. त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी, गया, प्रयाग. तिथे ‘आमच्या घराण्याची नोंद दाखवा’ म्हटलं की पहिला प्रश्न गाव कोणतं हाच येतो. नोंदी कित्येकदा यजमानाच्या स्वतःच्या हातच्या, बरोबर आलेल्या भावंडांच्या नावांसह. लातूर-धाराशिवकडे हेळवी (गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी वाचणारे) येत असतील तर त्यांच्या चोपडीतून वाचलेलं त्यांच्या समोरच लिहून घ्या आणि कोणत्या पिढीपासून पुढे ते स्वतः पाहून लिहितात ते विचारा. वहीत नवी नोंद करून यायचं असेल तर गाव, तालुका, आजचा जिल्हा आणि 1956 आधीचा जिल्हा असे चारही लिहा, आणि ‘पा.’ असेल तर पुढे पूर्ण आडनाव.